काजळ माखलेला कावळा

चौलच्या आगरात कुणी वारलं, की दहाव्याच्या आदल्या सांजेला धर्माजी गुरवाच्या कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहायचा. हाक मारायचा नाही, आत यायचा नाही. सुतकातला माणूस, तो कसला आत येतोय! धर्माजी पडवीतूनच त्याच्याकडे बघून हात वर करायचा आणि माणूस आल्या वाटेनं परत जायचा. एवढंच आमंत्रण. मग धर्माजीची बायको आवडाबाई चुलीपुढून करवादायची, की लोकांकडे लग्न असलं तर ह्यांना कुणी पान लावत नाही, आणि माणूस गेलं की पहिला पाय ह्यांच्याच दाराकडे. तिचंही खोटं नव्हतं. गुरव म्हणजे देवळाचा माणूस. त्यानं बेल-फुलं आणावीत, पत्रावळी लावाव्यात, देवापुढे दिवा करावा. धर्माजी हे सगळं करत होताच, पण त्या कामासाठी त्याला कुणी ओळखत नव्हतं. पंचक्रोशीत तो कावळेवाला धर्माजी.

आणि ह्या कावळ्यापायी तो पार शिणून गेला होता.

हे लचांड त्याच्या मागे लागलं सत्तेचाळीस साली. आषाढातल्या अवसेला रामदास बोट बुडाली आणि किनाऱ्यावर गावोगाव आकांत झाला. कुणाचं प्रेत लाटांबरोबर आलं, कुणाचं आलंच नाही. दहावं मात्र सगळ्यांचं एकदमच आलं. खाडीच्या काठाला उंडीची मोठी झाडं आहेत, त्यांच्याखाली कातळावर पिंड मांडले. वरून पाऊस नुसता कोसळत होता. पिंड भिजून पसरायला लागले, माणसं चिंब होऊन उभी, आणि कावळ्याचा पत्ता नाही. असल्या पावसात कावळा तरी कुठला बाहेर पडतोय? शेवटी भटजींनी शास्त्रात सांगितलंय तसं केलं. दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्यांना गाठ मारली, आणि म्हणाले, हाच कावळा, हा पिंडाला लावा म्हणजे झालं. तिथं एक म्हातारी होती. तिचा एकुलता एक मुलगा त्या बोटीत होता. ती गाठ तिनं हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि भटजींना विचारलं, "ह्याला चोच कुठं हाय?"

धर्माजी दर्भाची जुडी घेऊन बाजूलाच इरल्याखाली बसला होता. तेव्हा तो तिशीच्या आतबाहेरचा. जन्म पत्रावळी लावण्यात गेलेला, त्यामुळे बोटांना वळण होतं. त्याला त्या म्हातारीकडे बघवेना. त्यानं म्हातारीच्या हातातली गाठ घेतली, सोडली, आणखी काड्या घातल्या आणि बसल्या जागी वळायला लागला. चोच केली. मान जराशी वाकडी ठेवली, कावळा एका डोळ्यानं बघतो तशी. खाली दोन पाय. म्हातारीनं तो तळहातावर घेतला, पाठीवरून बोट फिरवलं, आणि स्वतःच्या हातानं पिंडाला लावला. मग बाकीच्यांनीही हात पुढे केले. त्या दिवशी त्यानं असे किती कावळे केले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढे ती रीतच पडली. कावळा शिवला तर उत्तम, नाहीच शिवला तर धर्माजीचा कावळा आहे. धर्माजीलाही त्यात गोडी वाटायला लागली, का वाटू नये? देवळातला दिवा लावल्याबद्दल त्याला कधी कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तो श्रावणातल्या अवसेला दर्भ कापून आणायचा, सावलीत वाळवायचा, आणि मग एकेका कावळ्यावर चार-चार दिवस बसायचा. कावळे बघत तासन् तास पडवीत टेकायचा. कावळा मान कशी खुपसतो, उडायच्या आधी पाय कसे दुमडतो. आवडाबाई म्हणायची, माझ्याकडे एवढं कधी बघितलंत काय? तो हसायचा, पण नजर झाडावरच असायची.

एकदा रावजी म्हणून गावातला एक टवाळ माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "धर्माजी, कावळा झकास हाय, पन त्याला कावीळ झाल्याय." दर्भ वाळला की पिवळा पडतो, त्यावरून ही थट्टा. लोक हसले. धर्माजीच्या मात्र ती फार मनाला लागली. त्यानं उंडीच्या तेलात काजळ खललं आणि कावळा वरपासून खालपर्यंत माखला. तेवढ्यानं भागेना, म्हणून झाडांखाली गळून पडलेली पिसं वेचून आणली आणि पंखांत, शेपटीत एकेक करून खोवली. मग तो कावळा त्यानं कातळावर नेऊन ठेवला. वाटेनं चाललेल्या गुराख्यानं त्याला दगड मारला. धर्माजीला एवढा आनंद झाला, की विचारू नका. आपण जिता कावळा केला, असं तो त्या रात्री आवडाबाईला दोनदा म्हणाला.

तेव्हापासून हाच काळा कावळा घेऊन तो जायला लागला. पिंड मांडले की बाजूच्या दगडावर बसायचा, कावळा मांडीवर. वाट बघायची. वर झाडावर कावळे जमायचे, ओरडायचे, घिरट्या घालायचे, आणि खाली मात्र येत नसत. आधी दहांतल्या दोघांना कावळा शिवायचा नाही, आता दोघांना शिवला तरी मोठं नशीब. लोक म्हणत, दिवसच वाईट आलेत. भटजी म्हणत, माणसांच्या वासना वाढल्यात, मेलेली माणसं काही ना काही मनात धरूनच जातात. मुंबईहून आलेल्या मुलांना रेवसची लाँच गाठायची घाई. ती उन्हं वर यायच्या आधीच धर्माजीच्या मांडीकडे बघायला लागत.

आणि धर्माजीला हे सगळं ऐकत बसावं लागे. कावळा येत नाही म्हटल्यावर माणसं हात जोडून एकेक कबूल करत जातात. धाकट्याचं शिक्षण करीन. बहिणीला माहेरी आणीन. भाऊबंदकी मिटवीन. जे जिवंतपणी तोंडातून निघालं नाही, ते तिथं उन्हात उपाशीपोटी निघतं. काही जण खरं बोलत, काही जण कावळ्याला फसवायला बघत, आणि ते धर्माजीला लगेच कळत असे. घरी आला की तो आंघोळ करून तसाच पडून राही. अन्नावर वासना नसे. आवडाबाईला म्हणे, लोक मेलेल्याला बोलतात ते सगळं माझ्याच अंगावर येऊन पडतं गो. ती म्हणे, मग सोडून द्या. पण सोडणार कसं? कुंपणापाशी माणूस उभा राहिला, की हात आपोआप वर व्हायचा.

ह्या सगळ्यांत एक दहावं त्याच्या मनातून कधी गेलं नाही. ते बाबाजीचं.

बाबाजी आगरातला सुपारी काढणारा. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरायची, खाली उतरायचं नाही, असं त्याचं काम. एक दिवस हात निसटला. मागे म्हातारी आई सोनूबाई आणि बायको रंगू. रंगू विशीतली, पदरात मूल नाही. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेनं दुसरं लग्न करायची रीत होती. वर्ष सरलं की कुणीतरी तिला विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं.

दहाव्याला बाबाजीच्या आवडीची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पिंडापाशी ठेवलं. कावळे उंडीवर गोळा झाले. खालच्या फांदीपर्यंत येत, धर्माजीच्या बाजूला बघत आणि ओरडत पुन्हा वर जात. चुलतभावानं सांगितलं, म्हातारीला मी बघीन. कुणी सांगितलं, तुझा कोयता देवळात ठेवू. काही उपयोग होईना. उन्हं तापली. मग बघता बघता सगळ्यांच्या नजरा रंगूकडे वळल्या. ती लांब बायकांत उभी होती. सोनूबाई तिला म्हणाली, "बोल गो बाय. तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा."

रंगू पुढे आली. तिचे हात उघडे होते, बांगड्या नाहीत. तिनं पिंडाकडे बघितलं आणि घरात नवऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात बोलली, "मी दुसरं घर करनार न्हाय. तुमचा उंबरा सोडनार न्हाय. आता जेवा."

धर्माजीच्या मनात आलं, आता एवढ्यावरही कावळा आला नाही, तर ह्या पोरीसमोर आपल्याला हे गवताचं पाखरू घेऊन उठावं लागणार. ते त्याला सोसवेना. त्यानं मांडीवरचा कावळा उचलला, पिशवीत कोंबला आणि तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिला. मागे फडफड झाली. बायका एकदम रडायला लागल्या. त्यानं वळून पाहिलं, तर कावळा भाकरीचा तुकडा घेऊन उडालेला. सोनूबाईनं सुनेला पोटाशी धरलं होतं. रंगूनं शब्द दिला आणि बाबाजी जेवला, हे गावानं उघड्या डोळ्यांनी बघितलं.

त्यानंतर तिला कोण विचारणार? चार लोकांत झालेली गोष्ट. रंगू आगरात सुपारी सोलायला जायची, पाणी भरायची, सासूचं करायची. रोज दुपारी जेवायच्या आधी कुंपणावर एक घास ठेवायची. लोकांना तिची कीव यायची, पण तिला स्वतःची येत नव्हती. बायकांनी विषय काढला तर ती सांगायची, "माझ्या बोलन्यासाठी अडून राहिला व्हता तो मानूस. मी बोलले आन् जेवला." हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. धर्माजी वाटेत भेटला तर ती त्याला गुरवदादा म्हणून हाक मारी, तब्येत विचारी. तो मान खाली घालून पुढे जाई. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. सोनूबाईही वारली. रंगू एकटी राहिली. आणि बासष्ट सालच्या श्रावणात काळूराम धर्माजीकडे आला.

काळूराम रेवदंड्याचा, मालाच्या मचव्यावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. सुपारी, नारळ मुंबईला न्यायचा, येताना कौलं आणायचा. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घरात आई आणि एक मुलगी. पावसात मचवा ओढून ठेवलेला, त्यामुळे त्याला वेळच वेळ. तो पडवीत बसला आणि बराच वेळ पावसावर बोलला, मच्छीवर बोलला, कौलांवर बोलला. आवडाबाईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग एकदाचं त्यानं सांगितलं, की रंगूला त्यानं विचारलंय. ती नको म्हणाली नाही. ती म्हणाली, माणूस म्हणून तुमच्यात खोट नाही, पण मी शब्द दिलाय आणि तो समोरून घेतला गेलाय. काळूरामचं म्हणणं एवढंच, की तुम्ही तिथं होता. असल्या शब्दातून मोकळं व्हायचा काही विधी असेल, तर भटजींना विचारा. नारळी पौर्णिमेनंतर मचवा पाण्यात जाणार, आई दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे, मग ती दुसरीकडे बघणार. हे सांगताना तो मान वर करत नव्हता. चाळिशीचा तो दणकट माणूस एखाद्या पोरासारखा ओशाळला होता.

धर्माजी भटजींकडे गेला. भटजी चांगले होते, पुस्तकं काढून बसले. शेवटी म्हणाले, माणसानं माणसाला दिलेला शब्द सुटतो, कारण ज्याला दिला त्याला विचारता येतं. ह्याला कुणाला विचारणार? धर्माजीनं काळूरामला तसं सांगितलं. काळूराम बरं म्हणाला आणि गेला. धर्माजीला आणखी थकवा आला.

भाद्रपदाचा पंधरवडा लागला. धर्माजीच्या बापाची तिथी होती. आवडाबाईनं पान वाढून कुंपणापलीकडच्या धोंड्यावर ठेवलं आणि सगळे कावळ्याची वाट बघत उपाशी बसले. पडवीच्या खुंटीला धर्माजीनं नवीन कावळा वाळत टांगला होता, पायांना दोरी बांधून, डोकं खाली. काजळ अजून ओलं होतं. बाहेर कावळे आले ते नुसता कल्लोळ करत. घराभोवती फिरले, आंब्यावर बसले, आणि पानाकडे कुणी ढुंकून बघेना. धर्माजी बापाला हात जोडून म्हणाला, आबा, काही चुकलं असलं तर पदरात घ्या. आवडाबाईच्या पोटात आग पडली होती. ती म्हणाली, "अवो, आबांचं काय बी न्हाय. ते तुमचं पाखरू आत घ्या आधी. थळच्या कोळनी कावळं येऊ नयेत म्हनून सुकत घातलेल्या मासळीवर मेलेला कावळा टांगतात, अगदी तस्सा दिसतोय तो."

धर्माजीला राग आला. त्याचा कावळा जिता होता. आवडाबाईनं त्याच्या रागाकडे लक्ष दिलं नाही. उठली आणि खुंटीवर टोपली पालथी घातली. कावळे थोडा वेळ ओरडले, गप्प झाले, आणि एक जण उतरून पानातला वडा घेऊन गेला. आवडाबाई जेवायला वाढायला गेली. तिच्या लेखी विषय संपला होता.

धर्माजी मात्र जेवायला उठला नाही. त्यानं टोपली काढली. कावळे पुन्हा किंचाळत वर गेले. त्यानं टोपली घातली, थांबला. पुन्हा उतरले. तो संध्याकाळपर्यंत हेच करत बसला. दुसऱ्या दिवशी कावळा घेऊन एकटाच खाडीवर गेला, उंडीखाली थोडा भात टाकला आणि कावळा मांडीवर घेऊन नेहमीच्या दगडावर बसला. वरचा तो कल्लोळ, त्या घिरट्या, सगळं तस्संच. इतकी वर्षं तो हे बघत होता आणि लोकांच्या वासना मोजत होता. मासळीवर टांगलेले कावळे त्यानं काय कमी बघितले होते? थळला, वरसोलीला, सगळीकडे. पण ते मेलेले, आणि आपला जिता, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की दोन्ही गोष्टी कधी शेजारी आल्याच नाहीत. त्यानं कावळा पिशवीत घातला. पहिला कावळा भातावर उतरला तेव्हा त्याला रंगूचा आवाज आठवला. आता जेवा, असं म्हणाली होती.

घरी येऊन त्यानं आवडाबाईला सगळं सांगितलं. ती घाबरली. तिनं त्याला खाली बसवलं आणि समजावलं, की झालं ते जाणूनबुजून झालेलं नाही. पण हे बाहेर फुटलं तर गाव काय म्हणेल? किती जणांनी उन्हात उभं राहून काय काय कबूल केलंय! कुणी शेत दिलं, कुणी घर सोडलं. ते सगळे दारात येऊन उभे राहतील. कावळा खाडीत टाका आणि तोंड मिटा. धर्माजीनं ऐकून घेतलं. तिचं सगळं बरोबर होतं. लोकांनी शेत दिलं ते भावाला दिलं, बहिणीला आणलं ते बरंच झालं. त्यांच्याकडे जायची त्याला गरज वाटली नाही. पण रंगू अडकून पडली होती, आणि दिवाळीनंतर काळूरामची आई दुसरीकडे बघणार होती. एवढ्या एका बाईला आपल्याला सोडवता येईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनाला जरा हलकं वाटलं. रंगू किती खूश होईल, असंही त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला. रंगू पडवीत सुपारी सोलत बसली होती. केस कानापाशी पांढरे झालेले, हात मात्र झरझर चाललेले. तिनं पाट दिला, पाणी दिलं. धर्माजीनं पिशवीतून कावळा काढून पुढे ठेवला आणि सुरुवातीपासून सांगितलं. काजळ कसं लावलं, पिसं कशी खोवली, खुंटीला काय झालं, खाडीवर काय झालं. बाबाजीच्या दहाव्याला तो मांडीवर होता तोवर कावळे का येत नव्हते, आणि पिशवीत गेल्यावर का आले. काहीही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "तू मोकळी हाईस, रंगू. तुझ्या शब्दाला कुनी अडलं नव्हतं."

रंगूचे हात थांबले होते. तिनं कावळ्याकडे बघितलं. त्याला हात लावला नाही. मग विचारलं, "पिशवीत कधी घातला तुमी? मी बोलले त्याच्या आधी का मागनं?"

"मागनं."

"आन् मी बोललेच नसते, पन तुमी घातला असता, तर?"

धर्माजीला क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण तो तिला खोट्यातून सोडवायलाच आला होता. "तरी आला असता," तो म्हणाला.

सुपारीची टोपली तिनं बाजूला सारली, मांडीवरची सालं झटकली. धर्माजी तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसतंय का बघत होता. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. दहाव्याच्या दिवशी तिचा जो चेहरा त्यानं पाहिला होता, त्याहून आता तो वाईट दिसत होता.

"म्हंजे त्यांना माझ्याकडनं काय नकोच व्हतं," ती म्हणाली. "मी आपली समजत आले, मानूस वर जाऊन बी माझ्यासाठी थांबलाय. मी बोलल्याबिगर घास घेत न्हाय. एवढ्यावर सारी वर्षं काढली हो मी, दादा. कुनी काय बी म्हनू दे, रात्री अंग टाकलं की वाटायचं, कुनीतरी आपल्यावर अडून बसलं व्हतं. तसं कायच नव्हतं. भूक लागलेली पाखरं, आन् तुमचं हे."

धर्माजी म्हणाला, की बाबाजीचा तिच्यावर जीव होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. काळूराम दिवाळीपर्यंत थांबलाय, असंही त्यानं चाचरत सांगितलं.

"सांगा त्यांना, येते मी," रंगू म्हणाली. "आता हितं थांबू कुनासाठी?"

आणि मग ती रडायला लागली. भिंतीला टेकून, पदर तोंडात न धरता, मोठ्यानं, घरातून नुकतंच माणूस नेल्यावर बायका रडतात तशी. धर्माजीनं असलं रडणं जन्मभर ऐकलं होतं, पण त्याच्या हातात दर्भाची जुडी असायची, करायला काहीतरी असायचं. आता त्याला हात कुठं ठेवावेत कळेना. तो उठला, बाहेर गेला, आणि कुंपणापाशी उभा राहून त्यानं शेजारच्या बायकांना हाक मारली, की लवकर या, रंगूजवळ बसायला कुणीतरी पाहिजे.